भुशाने भरलेली फट

दादाने, माझ्या थोरल्या भावाने, सांध्यात नख घातलं आणि फटीत भरलेला ओला भुसा उकरून माझ्यासमोर ठेवला. "हे कुणाला फसवायला?"

डव्हटेलचा सांधा खिळ्याशिवाय धरतो. एका फळीला पारव्याच्या शेपटीसारखे पसरट दाते कापायचे, दुसरीला तशाच खाचा. करवत आखलेल्या रेषेच्या बाहेरून, टाकून द्यायच्या लाकडाच्या बाजूने चालवायची. मी ती रेषेवरूनच चालवली. दाता केसभर बारीक झाला, फट पडली, आणि ती मी सरस नि भुसा कालवून लपवली.

"कॉलेजात हेच शिकवलं का रे, साहेब?"

माझं कॉलेज व्हावं म्हणून त्याने नववीत शाळा सोडून पटाशी धरली होती. आणि माझ्या लग्नात मी सासरच्यांना सांगितलं, भावाचा फर्निचरचा व्यवसाय आहे. सुतार हा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. तो मागेच उभा होता. आता पन्नाशीत मी हौस म्हणून त्याच्याकडे शिकायला येतो, असं लोकांना सांगतो.

या सांध्यात दोन्ही फळ्या कापाव्या लागतात, म्हणून तर त्या एकमेकींना सोडत नाहीत. आमच्यात एकट्या त्याचंच लाकूड कापलं गेलं. मी अखंड राहिलो, आणि सुटा.

"दादा, चुकलं माझं," मी म्हटलं. मी भुशाबद्दल बोलत नव्हतो, हे त्याला कळलं.

"सागाची फळी वाया घालवलीस, तिची माफी माग," तो म्हणाला. "बाकीचं राहू दे तुझ्यापाशी."