विश्वास मयेकरांचा लामूचा बर्फ

विश्वास मयेकर मूळचे मालवणचे. कुवेतला शर्कच्या मासळीबाजाराजवळ एका शीतगृहात ते काँप्रेसर सांभाळायचे आणि फिंतासला आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. त्यांची बायको नीला माझ्याबरोबर इस्पितळात नर्स होती. मुलगी शामला तेव्हा चार वर्षांची.

धक्क्यावर त्यांची गफूरशी ओळख झाली. गफूर केनियातल्या लामू बेटावरचा खलाशी. तो म्हणायचा, "आमच्याकडे मासा उदंड, पण दुपार झाली की फेकून द्यायचा. तू ये, बर्फ कर." मयेकरांच्या मनात ते रुतून बसलं. मालवणला न खपलेला बांगडा वडील माडांच्या मुळाशी खत म्हणून पुरायचे, ते त्यांनी लहानपणी पाहिलं होतं.

अठ्ठ्याहत्तर साली ते निघाले. "एक वर्ष," ते नीलाला म्हणाले. "कारखाना उभा राहिला की तुम्हा दोघींना बोलावतो."

परवान्यातच ते वर्ष गेलं. मोंबासाच्या कचेरीतला साहेब दर खेपेला प्रेमानं चहा पाजायचा आणि उद्या या म्हणायचा. शेवटी परवाना गफूरच्या नावावर निघाला. जुना काँप्रेसर पडावातून आला, डिझेलवर चालू झाला, लाद्या पडू लागल्या. पण घेईना कोणी! बर्फातला मासा म्हणजे शिळा मासा, अशी तिथं समजूत.

गफूरची बहीण आमिना मासे विकायची. तिनं एक मोठी सुरमई दिवसभर बर्फात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी भर बाजारात तिचे कल्ले उघडून दाखवले. लालभडक! त्या आठवड्यापासून लाद्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळून गाढवांवर लादल्या जाऊ लागल्या. त्या बेटावर मोटारी नव्हत्याच.

इकडे नीला वाट बघत होती. एका उन्हाळ्यात तिच्या घरातला एसी बिघडला. मी म्हटलं, "अगं, मेकॅनिकला बोलाव." ती म्हणाली, "हे आले की बघतील." अख्खा उन्हाळा मायलेकी दुसऱ्या खोलीत झोपल्या, पण तिनं त्या एसीला परक्याचा हात लागू दिला नाही.

एक्क्याऐंशीत ती शामलाला घेऊन लामूला जाऊन आली. परत आल्यावर मला म्हणाली, "तिथं ते इतके हसतात! इथं असे कधी हसलेच नाहीत गं." तिथं राहायचा विचारही तिनं केला होता. पण तिला नोकरीचा परवाना मिळेना, आणि शामलाच्या शाळेचंही जमेना.

मग चौऱ्याऐंशीत मयेकरांनी मोंबासाहून फोन केला. शामलानं उचलला.

"कशी आहेस, बाळा?"

"हू इज धिस, प्लीज?" तिनं विचारलं. त्यांनी नीलाला बोलवायला सांगितलं. तिनं रिसीव्हर आईकडे दिला, "मम्मी, समवन फॉर यू."

दोन महिन्यांत मयेकर परतले. कारखाना त्यांनी गफूर आणि आमिनाच्या हवाली केला. शर्कमध्ये जुनं काम पुन्हा मिळालं. शामला हळूहळू त्यांच्याजवळ बसू लागली, त्यांच्या मराठीला इंग्रजीतून उत्तरं देऊ लागली. नीलाचं घर भरलं. पण संध्याकाळी ते किनाऱ्यावर जाऊन दक्षिणेकडे तोंड करून उभे राहायचे. नीला गच्चीतून त्यांना बघत राहायची. एकदा मला म्हणाली, "आधी माणूस तिकडे होता. आता माणूस इथं आहे, तरी मी वाटच बघतेय."

सत्त्याऐंशीत तिनंच त्यांना म्हटलं, "जाऊन या. इथं राहून झुरू नका."

ते पंधरा दिवसांसाठी गेले. कारखाना दुप्पट वाढला होता. यंत्रं नवी होती, मोंबासाहून शिकून आलेला मेकॅनिक होता. एक पट्टा सैल वाटला म्हणून मयेकर पाना घेऊन उठले, तर गफूरनं त्यांचा हात धरला. "तू आमचा पाहुणा. पाहुण्यानं हात खराब करायचे नसतात." आमिनानं सावलीत खुर्ची मांडली, नारळाचं पाणी दिलं. गल्लीतली सगळी माणसं भेटायला आली, मिठ्या मारून गेली. मयेकर पंधरा दिवस त्या खुर्चीत बसून होते.

ते परतले त्या दिवशी मी नीलाकडेच होते. तिनं विचारलं, "कसं होतं?"

"छान चाललंय त्यांचं," ते म्हणाले आणि बूट न काढताच सोफ्यावर बसले. नीला त्यांच्या पायाशी बसून बुटांच्या नाड्या सोडू लागली.