भोळ्या वळूची चौकशी

ती घटना आठवली की आजही मी एकटाच हसायला लागतो. देवपूरच्या घरी सकाळी पेपर वाचता वाचता हे सुरू झालं, की बायको स्वयंपाकघरातून ओरडते, "आला का तुमचा वळू?" आमच्या घरात आता एवढं बोललं तरी पुरतं.

आयुष्य खाकीत गेलं. खून पाहिले, दरोडे पाहिले, रात्रीतून गायब झालेले ट्रकच्या ट्रक शोधले. तरी कुणी विचारलं, "साहेब, सगळ्यात अवघड तपास कुठला?" तर मी सांगतो, एका वळूचा. समोरच्याला वाटतं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. नावं मात्र कुणाचीच सांगणार नाही. दोन्ही घरांचं मीठ मी खाल्लं आहे, आणि दोन्ही घरं पेपर वाचणारी आहेत.

तेव्हा मी सावद्याच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी होतो. सगळा केळीचा पट्टा. ठाण्यात येणाऱ्या तक्रारीही ठरलेल्या: घड कापून नेले, मोटारीची केबल चोरली, बांध कोरला. एके दिवशी सकाळची हजेरी चालू असताना साठीचे एक शेतकरी तावातावाने आत आले. गावात त्यांना सगळे आबा म्हणत. अंगात स्वच्छ पांढरा सदरा, आणि राग असा की टोपी हातातच चुरगाळलेली.

"साहेब, मले न्याय पाहिजे. माझ्या व्याह्यानं मले फसवलं."

ठाणे अंमलदाराने रीतीप्रमाणे विचारलं, "काय दिलं होतं त्यांनी?"

"वळू!"

हजेरीतल्या शिपायांनी माना खाली घातल्या. मी आबांना केबिनमध्ये नेलं, पाणी दिलं आणि ऐकून घेतलं. हकिगत अशी. आबांच्या मुलीचं लग्न धुळे जिल्ह्यातल्या एका घरात ठरलेलं. मुलाचे वडील, म्हणजे नाना, गीर गायी पाळणारे. त्यांच्या वळूची पंचक्रोशीत ख्याती. दिवाळीनंतर साखरपुडा झाला, तेव्हा नानांनी हौसेने घरचा तो वळू होणाऱ्या व्याह्यांना भेट म्हणून पाठवला. आबांकडे पाच गायी होत्या, म्हटलं वंश सुधारेल.

"अन् तो काय करतो माहीत हाये का साहेब? खातो, पितो, अन् भिताडाकडे तोंड करून उभा राह्यतो. वळू नाही तो, पाहुणा हाये! गाय माजावर आली की मी त्याच्यापुढे आणून उभी करतो, सारी गल्ली जमते, अन् हा केळीचं पान चघळतो. आता तर त्याच्या संगतीनं माझ्या गायीबी थंड पडल्या. पहिले एक ना एक गाय माजावर असायची, हंबरून घर डोक्यावर घ्यायची. आता दोन महिने झाले, एकही तोंड उघडत नाही."

मी म्हणालो, "आबा, भेट दिलेल्या जनावरावर मी कोणतं कलम लावू?"

"ते तुम्ही शोधा. मी एवढंच सांगतो, आखाजीपर्यंत लागला निकाल तर ठीक, नाहीतर सोयरीक मोडली. ज्यानं वळूच्या बाबतीत खोटं सांगितलं, तो पोराच्या बाबतीत खरं सांगेल काय?"

आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय तृतीया. गावातली टवाळ पोरं त्या वळूवरून नवऱ्या मुलाबद्दल काय काय बोलत होती, ते मी इथे लिहीत नाही. वाचणाऱ्याने समजून घ्यावं. आबांच्या जिवाला ते लागलं होतं, आणि लागण्यासारखंच होतं.

प्रकरण दखलपात्र नव्हतंच. दोन ओळींचं उत्तर देऊन मी ते मिटवू शकलो असतो. पण मोडलेलं लग्न शेवटी ठाण्यातच येतं, आणि येताना काठ्या घेऊन येतं, हा माझा अनुभव. दुसऱ्याच दिवशी आबांसमोर नानांना बोलावून घेतलं. ते आले ते फेट्यासकट फणफणत, आपल्या गोठ्यातली सगळी वासरं याच वळूची असल्याचं अहिराणीत सांगत.

"साहेब, मना वळूमा काय खोट शे, ते दाखाडा! मना खळामा बठ्ठा वासरे त्यानाच शेतस. यास्नी त्याले काय खाऊ घातं, ते इचारा पहिले!"

"ढेप खातो तुमचा वळू, सरकीची! माणसाले मिळत नाही तसलं खातो!" आबा उसळले.

दोघांच्या मध्ये टेबल होतं म्हणून बरं. माझे हवालदार जुने जाणते, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता बोलणारे. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "साहेब, आरोपीला समक्ष पाहिल्याशिवाय काही खरं नाही." मग स्थळपाहणी ठरली.

आबांचं खळं, म्हणजे गुरांचा वाडा, घराच्या मागेच होतं. पलीकडे केळीचा मळा. आम्ही पोचलो तर माणसं कुडावर चढून बसलेली. वळू मात्र पाहत राहावा असा: तांबूस अंग, लोंबते कान, उंच वशिंड. आबांनी हाक मारली, "राजा!" त्याने कान हलवला नाही. एकेक गाय पुढे आणली. त्याने एकीचाही वास घेतला नाही. हवालदारांनी पंचनाम्यात लिहिलं, 'सदर वळूने पंचांकडे एकदा पाहिले व तोंड फिरवले. अन्य हालचाल नाही.' मुलीने सगळ्यांना चहा दिला. कॉलेज शिकलेली, दिसायला शांत, पण कप देताना माझ्याकडे बघायचं टाळत होती. मला वाटलं, लग्न मोडायच्या भीतीने असेल. वाईट वाटलं पोरीचं.

संध्याकाळी ठाण्याच्या फोनवर एक फोन आला. बाईचा आवाज, मुद्दाम जाडा केलेला.

"साहेब, वळूकडे बघत बसू नका. गायींकडे बघा. लोकांपुढे लाजतो भोळ्या."

फोन बंद. तुम्हाला वाटेल, आता तपास संपला. अहो, कसला संपतो! पोलिसाला खबर मिळाली की तो आधी गुन्हाच शोधतो. गायींकडे बघा म्हणजे गायींची अदलाबदल झाली असणार, चांगल्या नेऊन कुणी भाकड बांधल्या असणार, असं मी मनाशी पक्कं केलं. हवालदारांना पुन्हा पाठवलं. ते दुपारभर खळ्यात बसून परत आले.

"काय आढळलं?"

"साहेब, गायी गायीच आहेत."

"आणखी?"

"निवांत आहेत. रवंथ करतात. मला दुपारी झोप लागली."

त्या रात्री जेवताना 'भोळ्या' हा शब्द माझ्या डोक्यात अडकला. आबा वळूला राजा म्हणतात. मग हा भोळ्या कोण? सकाळी नानांना फोन लावला.

"भोळ्या?" नाना चमकले. "ते तर मना पोऱ्यानी ठेयेल नाव शे! आम्ही घरनाच म्हणतस. तुमले कोणी सांगं?"

म्हणजे फोन करणाऱ्या बाईला हे नाव त्या मुलाकडून कळलेलं. आणि आबांच्या गावात त्या मुलाचं कोण होतं? मला आबांचं एक वाक्य आठवलं. पहिल्याच दिवशी छाती फुगवून म्हणाले होते, "आमच्यात लग्नाआधी पोरा-पोरीनं फोनवर बोलायची रीत नाही. मी तर पोरीले बजावून ठेवलंय."

दुसऱ्या दिवशी मी गाडी लांब उभी करून पायीच खळ्यात गेलो. आबा तालुक्याला गेलेले. मुलगी दूध काढून बादली घेऊन उठत होती. वळू भिंतीकडे तोंड करून उभा. मी म्हणालो, "राजा!" ढिम्म. मग हळूच म्हणालो, "भोळ्या."

वळूने गर्रकन मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आणि पोरीच्या हातातली बादली खाली गेली.

माझ्या नोकरीतली ही सगळ्यात छोटी उलटतपासणी. मी फक्त म्हणालो, "बाई, दूध सांडलं." तिने ओढणीने डोळे पुसले आणि सगळं सांगून टाकलं.

मुलाचा रोज पहाटे फोन यायचा. त्यानेच तिला सांगितलं होतं, भोळ्या चार माणसांत बिचकतो, त्याला दाव्याला बांधून गाय पुढे केली तर तो काही करणार नाही, पहाटे मोकळा सोड आणि तिथून निघून जा. केळीला पाणी द्यायला लाईट पहाटेची, म्हणून आबा अंधारातच मळ्यातल्या मोटारीवर जायचे. ती दूध काढायला उठली की वळूला सोडायची आणि आबा यायच्या आत पुन्हा बांधायची. हिवाळाभर हे चाललं.

"आणि गायी?"

ती लाजून जमिनीकडे बघत म्हणाली, "फळल्या ना साहेब. एकही परत माजावर आली नाही. म्हणूनच तो आता बघत नाही त्यांच्याकडे. काम झालंय त्याचं."

मी कपाळाला हात लावला. गायी थंड पडल्या, ही तक्रार नव्हती, हा पुरावा होता. आबांनी पहिल्याच दिवशी तो माझ्या टेबलावर आणून ठेवला होता, आणि आम्ही सगळे मिळून वळूच्या तोंडाकडे बघत बसलो होतो. ज्याने वळू दिवसभर दाव्याला बांधलेलाच पाहिलाय, त्याला गायी गाभण असतील अशी शंका तरी कुठून यावी?

"मग आबांना सांगत का नाहीस?"

"कसं सांगू? कुणी शिकवलं म्हणतील. फोनचं कळलं तर लग्न राहू द्या, माझं घराबाहेर पडणं बंद होईल."

मी तिला शब्द दिला, पोलीस खबऱ्याचं नाव सांगत नसतात. आणि गुरांच्या डॉक्टरांना बोलावणं धाडलं.

डॉक्टर आले त्या दिवशी नानाही आले होते, वळू परत न्यायला. ट्रॅक्टरची ट्रॉलीच घेऊन आलेले. दोघे व्याही एकमेकांकडे पाठ करून उभे. डॉक्टरांनी खांद्यापर्यंत हातमोजा चढवून पहिली गाय तपासली. "गाभण." दुसरी. "ही पण." पाचवीपर्यंत तेच.

आबांचा चेहरा उजळला, आणि लगेच काळवंडला. "कोणाच्या? माझा वळू तर रातदिन दाव्याले हाये!" आणि कुडापलीकडच्या शेजाऱ्याला ते शिव्या द्यायला लागले, की तुझाच वळू माझ्या खळ्यात शिरला. शेजाऱ्याकडे ट्रॅक्टर होता, वळू नव्हताच. तरी तो बिचारा घाबरून माझ्याकडे पाहायला लागला. आता नवीन गुन्हा दाखल व्हायची वेळ आली. मी पुढे होऊन आवाज चढवून म्हणालो, "गुप्त माहितीवरून कळतं की..."

"साहेब, थांबा," मुलगी म्हणाली. ती दारातून पुढे आली. "आबा, मी सोडायची त्याले. पहाटे."

"तू? तुले कोणं सांगितलं?"

तिने हातातला मोबाईल बापापुढे धरला, एवढंच. खरं सांगतो, आयुष्यात बरेच कबुलीजबाब घेतले, पण अशी हिंमत थोड्यांत पाहिली.

आबांनी मोबाईल घेतला. शेवटचा नंबर दाबला. पलीकडून पहिल्याच रिंगला उचलला गेला, आणि मोबाईलचा आवाज एवढा मोठा, की साऱ्या खळ्याने ऐकलं.

"आज भर दिवसा? आबा गेले का मोटारीवर?"

आबा शांतपणे म्हणाले, "आबा इथंच हायेत. अन् तुमचे नानाबी इथंच हायेत."

पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला. नानांनी फेट्याचं टोक तोंडावर ओढलं. आणि मग माझे हवालदार, ज्यांना मी कधी हसताना पाहिलं नव्हतं, ते गव्हाणीला टेकून असे हसले, की गायी दचकल्या. नाना हसले. शेवटी आबाही हसले, हसता हसता डोळे पुसायला लागले, आणि लेकीला जवळ घेऊन म्हणाले, "हिनं बापाचं ऐकलं असतं ना, तर पाचही गायी भाकड राह्यल्या असत्या माझ्या."

ट्रॉली रिकामीच परत गेली. मी अर्जावर शेरा मारला, 'तक्रारीत तथ्य आढळले नाही. गायी गाभण आहेत.' वरिष्ठांनी त्यावर खुलासा मागवला, तो किस्सा वेगळाच. लग्न ठरल्या दिवशी झालं, मी सहकुटुंब जेवलो.

या प्रकरणाने मला एक शिकवलं, आणि पुढच्या नोकरीत ते फार उपयोगी पडलं. चार लोकांसमोर उभं करून कुणाचीच पारख होत नाही, ना जनावराची, ना माणसाची. त्याने काय केलं हे बघायचं असेल तर त्याच्याकडे नाही, आजूबाजूला काय बदललं तिकडे बघावं. तेव्हापासून संशयिताला मी भरल्या ठाण्यात कधी प्रश्न विचारला नाही.

पुढच्या आखाजीला आबांचा फोन आला. आवाज दबका.

"साहेब, लेक माहेरी आली हाये. जावई न्यायला आलाय. समोर बसवलंय त्याले, सारी गल्ली भेटायले आली, पण गडी एक शब्द बोलत नाही. नुसता भिताडाकडे पाह्यतो. लेक बिचारी दारामागं ताटकळत उभी. काय करू?"

मी म्हणालो, "आबा, गल्लीला घेऊन जरा मोटारीवर जाऊन या."