साहेब, बाजू बदला!

येडगावच्या धरणाच्या फुगवट्याला लागून कोळपेवस्ती आहे. तिथल्या सोमाजी कोळपेला देवानं काही कमी केलं नव्हतं. विहीर होती, मोटार होती, नारायणगावच्या बाजारात टोमॅटोला मान होता, दारात पिकअप उभी होती. नव्हतं ते एकच. चालायला कारण नव्हतं. बापाच्या वेळी दिवाळी झाली की मेंढरं माळशेज उतरून कोकणात जायची आणि त्यांच्या मागं सोमाजीही जायचा. पुढं धरण भरलं, कालव्याचं पाणी आलं, मेंढरं विकली, सुख आलं. सुख सगळ्यांच्या अंगी लागलं, फक्त सोमाजीच्या पायांना ते काही मानवलं नाही. ओट्यावर बसल्या बसल्याही त्याचे पाय हलत राहायचे.

त्या उमेदीच्या काळात एकदा खाडीच्या काठी मेंढरं बसवलेली असताना त्यानं शिडाची होडी पाहिली होती. इंजिन नाही, वल्हं नाही, नुसता वारा पिऊन ती पांढरीशुभ्र सरकत गेली होती. लग्न झाल्यावर बायकोला, बानूबाईला, त्यानं पहिल्यांदा सांगितलेली मनातली गोष्ट हीच. बानूबाई म्हणाली होती, "मला वाटलं, लुगड्याचं काय तरी बोलताय."

दोन हजार सहाच्या सुमाराला फुगवट्याच्या काठच्या लोकांकडं पैसा आला आणि तो कुठं ठेवावा हे कुणालाच कळेना. कुणी जेसीबी आणला, कुणी घरापेक्षा मोठं फाटक बांधलं. सोमाजीच्या पोरानं, गोरक्षनं, पुढारपण घेतलं. नाक्यावर कुणाच्याही वाढदिवसाचा फ्लेक्स लागला की त्यावर अगदी खालच्या ओळीत गोरक्षचा फोटो असायचा, मोबाईल कानाला लावलेला. फोन कुणाचा, ते गोरक्षलाही ठाऊक नसायचं.

अशात टोमॅटो घेऊन सोमाजी पिकअपनं अलिबागकडं गेला होता. परतताना रेवदंड्याजवळ एका नारळीच्या वाडीत त्याला होडी दिसली. होडी पाहून तो थांबला नसता, पण तिला खाली चाकं होती.

वाडीचे मालक बोटीवरून निवृत्त झालेले एक कप्तानसाहेब होते. पांढरी दाढी, अर्धी चड्डी. चाकं होडीची नव्हेत, खाली तिला न्यायचा गाडा आहे, असं त्यांनी समजावलं. गाडीला जोडायचा, हवं त्या पाण्यावर न्यायचं आणि उतरवायचं.

"इकाची हाय?" सोमाजीनं विचारलं.

"गुडघे गेले माझे. कुणी चांगला माणूस भेटला तर देईन."

सोमाजीनं होडी तपासली ती मेंढा तपासतात तशी. कुशीवर थापट्या मारल्या, पाठीवरून हात फिरवला, मागं जाऊन बसकण मारून न्याहाळली. मग गाड्याखाली शिरला आणि तिथूनच ओरडला, "साहेब! बुडाला भोक हाय की वो हिच्या!"

कप्तान हसले. "ते भोक नाही, खाच आहे. त्यातून फळी खाली सोडायची. खोल पाण्यात ती होडीला आडवी वाहू देत नाही. पाणी उथळ झालं की दोरी ओढायची, फळी वर पोटात. मोठ्या होड्या खाडीच्या गाळात रुततात. हिला गुडघाभर पाणी पुष्कळ झालं."

"म्हंजी चिखल आला की पाय पोटाशी घेती."

"अगदी बरोबर."

"आन खोड काय हिची? जनावर म्हटलं की खोड असतीच."

कप्तानांनी दाढी खाजवली. "वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात नाही. तिरकं तिरकं, नागमोडी न्यावं लागतं. आणि दर वळणाला शिडाची ही आडवी दांडी एका बाजूची दुसऱ्या बाजूला येते. तेव्हा आतल्यानं डोकं खाली घालायचं आणि उठून समोरच्या बाजूला जाऊन बसायचं. एवढं केलं की होडी शहाणी आहे."

"आमीबी मेंढरं घाटावर नागमोडीच चढवायचो," सोमाजी म्हणाला. त्याचं ठरलं होतं.

मग व्यवहार. बाजारच्या रीतीनं सोमाजीनं खांद्यावरचं उपरणं काढलं, कप्तानांचा हात त्याखाली घेतला आणि बोटं दाबून आपला आकडा सांगितला. कप्तानांनी जन्मात असला सौदा पाहिला नव्हता. घाटावरच्या लोकांची ही हस्तांदोलनाची पद्धत असावी असं समजून त्यांनी तो हात प्रेमानं गदागदा हलवला. "ठरलं!" सोमाजी म्हणाला. आकडा काय ठरला हे कप्तानांना पुढं चहा पिताना कळलं. पण कप्तान शब्दाचे पक्के होते. हात हलवला तो हलवला, म्हणाले, आणि वर सोमाजीला ठेवून घेऊन खाडीत चांगली शिकवणीही दिली.

पिकअपच्या मागं होडी जोडून सोमाजी माळशेज चढला. वाटेत एका हवालदारानं गाडी अडवली.

"मागं काय हाय?"

"व्हडी."

"कुठं निघाली?"

"जुन्नर तालुक्यात."

हवालदारानं आभाळाकडं पाहिलं. "लई पाऊस सांगितलाय का काय?" असं म्हणून त्यानं गाडी सोडून दिली.

वस्तीवर होडी आली आणि तर्कांना ऊत आला. कुणी म्हणालं, कोकणात सोमाजीला गुप्तधन सापडलं, हे त्याचंच भांडं. कुणी म्हणालं, सरकारनं होडीला अनुदान काढलंय आणि यानं गुपचूप लाटलंय. ज्यांना पोहता येत नव्हतं असे चारपाच बागायतदार तालुक्याला जाऊन होडीच्या अनुदानाची चौकशी करून आले. असं अनुदान नाही म्हटल्यावर त्यांची खात्रीच पटली की सोमाजीनं ते संपवलं.

पहिल्यांदा होडी पाण्यात घातली तेव्हा सोमाजीनं बानूबाईला बसवलं. ती आधी नाहीच म्हणत होती. "मेल्यावर राख टाका की पान्यात. जित्तेपणी कशाला?" पण बसली. मधे गेल्यावर सोमाजी ओरडला, "वाक! आन पल्याड जाऊन बस!" दांडी सर्रकन आली, तोवर बानूबाई वाकून, पदर सावरून पलीकडं बसलीसुद्धा होती. सोमाजीला नवल वाटलं. त्याला स्वतःला हे जमायला रेवदंड्यात दोन टेंगळं आली होती.

"तुला कसं गं जमलं?"

"त्यात काय जमायचं? तुमच्या घरात आल्यापास्नं वाकायचं आन तुमी म्हनाल त्या बाजूला बसायचं, दुसरं काय केलंय?"

सोमाजीनं शिडाची दोरी उगाच जरा ओढली. शिडाकडं बघत राहिला. बानूबाई मात्र त्या दिवसापासून दर दोन दिवसांनी विचारायला लागली, "आज वारं हाय का?"

हे असंच सुखानं चाललं असतं. पण निवडणूक तोंडावर आली होती आणि गोरक्षच्या डोक्यात कल्पना आली.

फुगवट्याच्या अलीकडच्या काठावर भगवंतरावांचा गट होता, पलीकडच्या काठावर भिमाजीरावांचा. दोन गटांत काय फरक होता ते कुणाला सांगता आलं नसतं. फेट्यांचे रंग वेगळे होते. अलीकडच्यांचा भगवा, पलीकडच्यांचा गुलाबी. गोरक्ष अलीकडचा. त्यानं ठरवलं, बापाच्या होडीचं भगवंतरावांच्या हस्ते उद्घाटन करायचं.

"अरं, महिना झाला ती पान्यात हाय," सोमाजी म्हणाला. "आता कसलं उद्घाटन?"

"आबा, तुमाला न्हाई कळायचं. साहेब बोटीत बसून जनतेला संबोधित करनार. आख्ख्या जिल्ह्यात असं झालं न्हाई."

मंडप पडला, कमान लागली. "जलक्रांतीचे जनक" असा फ्लेक्स लागला. या खेपेला गोरक्षचा फोटो मधल्या ओळीत होता. भगवंतराव आले. चांगले भरदार गृहस्थ, इस्त्रीचे कपडे, डोक्यावर भगवा फेटा. नारळ फुटला. गोरक्षनं त्यांच्या हातात बिनतारी माईक दिला. काठावर कर्णे लावलेले होतेच. साहेब होडीत एका बाजूला ऐसपैस बसले, होडी तेवढ्याच बाजूला कलली, आणि सोमाजीनं शीड सोडलं.

वारा या काठावरून त्या काठाकडं वाहत होता. होडी भुर्रकन निघाली. कर्ण्यांतून भगवंतरावांचा आवाज पाण्यावर घुमला, "बंधू आणि भगिनींनो, आज आपण प्रगतीच्या दिशेनं..." काठावर टाळ्या पडल्या. पाण्यावरून आवाज लांबवर जातो. पलीकडच्या काठावरही सगळं ऐकू जात होतं. तिथं भिमाजीरावांनी मुद्दाम त्याच वेळेला आपला मंडप घातला होता.

भाषण संपेना. निम्मं पाणी मागं पडलं तशी सोमाजीला काळजी वाटायला लागली. आता वळलं पाहिजे. तो हळूच म्हणाला, "साहेब, जरा वाका. आन ह्या बाजूला या."

"काय?"

"बाजू बदलायची."

माईक चालू होता. दोन्ही काठ एकदम गप्प झाले.

भगवंतरावांच्या कपाळावर आठी आली. "कोण बाजू बदलणार?"

"तुमी, साहेब. तुमी वजनदार मानूस. तुमी बाजू बदलल्याबिगर काय व्हनार न्हाई."

"अहो, मी तीस वर्षं एका बाजूला आहे! बाजू बदलणाऱ्यातला मी नाही!" साहेब माईकमधे गरजले. अलीकडच्या काठावर घोषणा सुरू झाल्या. गोरक्षच्या डोळ्यांत पाणी आलं.

सोमाजीनं सुकाणू दाबलं, होडी तोंड वळवू लागली, शीड फडफडलं. "वाका, साहेब! डोकं खाली!"

"मी कुणापुढं वाकत नाही!"

पुन्हा टाळ्या. आणि टाळ्या चालू असतानाच दांडी आली. नशीब, तिनं फक्त फेटा उचलला. फेटा पाण्यात पडला आणि उलगडत उलगडत निघून गेला. साहेब आपल्या जागेवर तसेच बसून राहिले, बोडक्यानं. एवढं वजन चुकीच्या बाजूला. होडी वळता वळता अडखळली, तिचं तोंड परत फिरलं आणि ती पुन्हा वाऱ्याबरोबर पलीकडं धावू लागली.

"साहेब, पाया पडतो, बाजू बदला!" सोमाजी कळवळून ओरडला. हेही कर्ण्यांतून गेलं.

साहेबांनी दोन्ही हातांनी काठ घट्ट धरला होता. माईक त्यांच्या मांडीवर पडला होता. त्यातून आता फक्त "आई गं" एवढंच ऐकू येत होतं.

पलीकडचा काठ जवळ आला. फळी खाली गाळाला घासली. इथं सोमाजीनं हात आवरला असता, तर होडी तिथंच पाण्यात रुतली असती, साहेब लाज राखून मधेच बसले असते, आणि राजकारण होतं तिथंच राहिलं असतं. पण सोमाजीचा हात सवयीनं दोरीकडं गेला. त्यानं फळी वर ओढली. होडीनं पाय पोटाशी घेतला आणि पावलं बुडतील एवढ्याशा पाण्यावरून अलगद सरकत ती भिमाजीरावांच्या मंडपासमोर जाऊन थांबली. असा सुरेख काठ सोमाजीनं जन्मात गाठला नव्हता. त्याचं मन भरून आलं. पण ते पाहायला कुणाला सवड होती?

भिमाजीराव हुशार माणूस. उंच, बारीक, नजर घारीची. त्यांनी सगळं कर्ण्यातून ऐकलेलं होतं. ते पुढं झाले, स्वतःच्या गळ्यातला हार काढून भगवंतरावांच्या गळ्यात घातला, हात धरून उतरवलं आणि उघड्या डोक्यावर गुलाबी फेटा बांधला. फोटो निघाला.

"हे काय चाललंय? मला वाऱ्यानं आणलंय!" भगवंतराव पुटपुटले.

"वारं फिरलंय, हेच तर आमी सांगतोय!" भिमाजीराव म्हणाले. मंडपात हशा आणि टाळ्या. मग ते कानाला लागून काही बोलले. अलीकडच्या काठावर तिकिटाला इच्छुकांची रांग होती. पलीकडं ते मोकळंच होतं. चहा संपेपर्यंत भगवंतरावांचा चेहरा निवळला. चहा संपल्यावर ते उठले आणि म्हणाले, "जनतेच्या लाटेनं मला इकडं आणलं. लाटेला मी नाही म्हणू शकत नाही."

सोमाजी एकटाच परत निघाला. नागमोडी, या अंगावरून त्या अंगावर वाकत, बाजू बदलत. अलीकडच्या काठावर मंडपाचे बांबू उपटणं चाललं होतं.

"आबा, तुमी माझं वाटोळं केलं!" गोरक्ष ओरडला.

"अरं, मी लई सांगितलं त्यांना. तुमी समद्यांनी ऐकलं की."

तेच तर झालं होतं. समद्यांनी ऐकलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तालुक्यात एकच चर्चा: कोळपेनं भगवंतरावांना फोडलं. साधा वाटतो, पण आतल्या गाठीचा. होडी आणली तीच मुळी या कामाला. गोरक्षनं काही दिवस अन्न टाकल्यासारखं केलं, मग एका सकाळी तो गुलाबी फेटा बांधून बाहेर पडला. पलीकडच्या फ्लेक्सवर त्याचा फोटो पहिल्या ओळीत लागला. मोबाईल कानाला होताच.

भगवंतराव निवडून आले. मग तर सोमाजीला रस्त्यानं चालणं मुश्कील झालं. खोडदपासून लोक गाड्या घेऊन यायचे आणि खालच्या आवाजात विचारायचे, "काय तात्या, यंदा वारं कुठलं?"

"पश्चिमेचं," सोमाजी खरं ते सांगायचा.

लोक एकमेकांकडं बघायचे. "पश्चिमेचं," असं म्हणत, मान हलवत परत जायचे. त्यावरून एका सोसायटीचं पॅनेल बदललं असंही म्हणतात.

पुढल्या वर्षी एका हायस्कूलनं त्याला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. विषय होता, "दूरदृष्टी आणि नेतृत्व." सोमाजीनं पहिल्यांदा नाही म्हटलं. मग त्याला वाटलं, बरं झालं, चारचौघांत एकदा खरं सांगून टाकू. तो उभा राहिला आणि म्हणाला, "ह्यात माझं काय न्हाई. मी कुनाला फोडलं न्हाई. मला मागं फिरायचं व्हतं. साहेब वाकले न्हाईत, म्हनून व्हडी वळली न्हाई. एवढंच झालं."

हॉल टाळ्यांनी दणाणला. मुख्याध्यापक रुमालानं डोळे पुसत म्हणाले, "किती सूक्ष्म बोललात!" पहिल्या रांगेतल्या भगवंतरावांनी सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या.

सोमाजी हताश होऊन खाली बसला. समोर शाल, नारळ आणि केळ्याची बशी होती. आभारप्रदर्शन सुरू झालं. ते बरंच लांबत चाललं असताना खिडकीबाहेरच्या सुबाभळीची पानं हलायला लागली. आधी थोडी, मग चांगलीच. सोमाजीनं खुर्चीतूनच मान वळवून पाहिलं. मग शाल खांद्यावर टाकून तो तसाच उठला आणि मागच्या दारानं चालता झाला.

सगळा हॉल एकदम कुजबुजायला लागला. भगवंतरावांनी घाईघाईनं मोबाईल काढला आणि कुणाला तरी विचारलं, "कोळपे उठून गेला. काय झालंय? आधी कळवत जा रे मला."

सोमाजी तोवर मोटारसायकलीवर बसला होता. बानूबाई भाकरीची दुरडी घेऊन आधीच काठावर जाऊन बसली असणार, म्हणून त्यानं गाडी जरा जोरातच सोडली.