टेबलावरची चप्पल

आमच्या गावच्या विकास सोसायटीचे सचिव अण्णा. त्यांच्या टेबलावर कागद कमी आणि भंगार जास्त असायचं. कडब्याच्या पेंडीचा बंध, इंजिनाचा वायसर, औषधाची रिकामी बाटली. डावीकडं मांडलेली प्रत्येक वस्तू म्हणजे आज करायचं एक काम. ते झालं की वस्तू उजवीकडं. टेबलही मुद्दाम लहान घेतलेलं. "मावंल तेवढाच दिवस," म्हणायचे.

चेअरमन येता-जाता टोमणा मारत, "काय सचिव, भातुकली मांडली का?" अण्णा मान वर न करता म्हणत, "व्हय. पाव्हणे आलेच हायत, बसा."

मी सातवीतून शाळा सोडलेली. दुष्काळात सोसायटीनं लोहाऱ्याजवळ चारा डेपो काढला, तिथं अण्णांनी मला वजनकाट्यावर कामाला घेतलं. सकाळ झाली की ट्रक, पावत्या, रांगेतली भांडणं सगळं एकदम अंगावर यायचं आणि दुपारपर्यंत एकही काम धड व्हायचं नाही. एकदा अण्णांनी माझ्यापुढं खोकं पालथं घातलं. "हे तुझं टेबल. डोक्यातलं खाली काढ, हाताला लागंल असं ठिव. मग एकच उचल." मी त्यावर काट्याचं एक वजन ठेवलं. "बास," ते म्हणाले, "झालं बघ काम सुरू."

पाऊस पडला की डेपो बंद होणार होता. गाव आशेनं आभाळाकडं बघायचं. मीही बघायचो, पण मला ढगांचीच धास्ती. अण्णांनी ते ओळखलं असावं. "तुझी एक चप्पल काढ," म्हणाले आणि ती खरंच टेबलावर ठेवली. "तुला दुसरीकडं चिकटवायचंय. तवर तू असाच एका चपलेवर हिंड, म्हंजी मला इसरता येणार न्हाय."

चेअरमन भडकले. "लक्ष्मीच्या जागी पायताण?"

"मग उचलायला हात लावा की."

अखेर चेअरमननीच नगरकडच्या एका साखर कारखान्यात आपल्या पाव्हण्याकडं शब्द टाकला.

काम लागलं. अण्णांनी चप्पल माझ्या पायाशी ठेवली तेव्हा मला आनंद झाला नाही. घरी दम्यानं बेजार झालेली आई एकटीच राहणार होती. "ती काळजी तिकडं नेऊ नको," अण्णा म्हणाले. "माझ्याकडं राहू दे."

सुट्टीत गेलो की आई सांगायची, दर बाजारच्या दिवशी अण्णा दाराला सायकल टेकवतात, औषध देतात, चहाला काही थांबत नाहीत. असं कित्येक वर्षं चाललं. मी इकडं दोन घास सुखानं खात होतो ते त्यांच्या जिवावर.

एका हंगामात आमच्या गावाकडचा एक ऊसतोडवाला कारखान्याच्या गव्हाणीजवळ, ऊस टाकतात तिथं, भेटला. अण्णा गेले, म्हणाला. दिवाळीच्या आधीच.

मला पहिला प्रश्न सुचला तो भलताच. "मग आईला औषध कोण देतंय?"

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. "तू हायस की," म्हणाला.

रजा न मांडताच मी गावाकडची यष्टी धरली.