या शाळेत गैरहजर कोणी नसतं

तुम्ही मैत्रिणी नेहमी म्हणता, "कुसुम, एवढे किस्से तुझ्याकडे साठले कुठून?" आता खरं सांगते. बाकीच्या शाळांत स्टाफरूम होती. काही घडलं की मधल्या सुट्टीत चहाबरोबर सांगून मोकळं व्हायचं, संध्याकाळपर्यंत विसरायचं. पण माझ्या पहिल्या शाळेत ऐकायलाच कोणी नव्हतं! त्यामुळे तिथले किस्से खर्चच झाले नाहीत. जसेच्या तसे राहिले.

गाव राळेगाव तालुक्यात. नाव सांगत नाही, सांगितलं तरी तुम्हाला सापडायचं नाही. एसटी फाट्यावर सोडायची, तिथून तीन मैल पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेतांतून पायी. अठ्ठावन्न साल, मी बावीस वर्षांची, नॉर्मल पास, म्हणजे मास्तरकीचं ट्रेनिंग झालेली. शाळा एकशिक्षकी. एक खोली, चार वर्ग, एकतीस पोरं. हेडमास्तर मी, असिस्टंट मी, घंटा वाजवणारी मी. स्टाफ मीटिंग घ्यायची म्हटली तर आरसा लागला असता!

राहायची खोली शाळेला लागूनच. पाच वाजता शेवटचं पोट्टं दाराबाहेर गेलं की दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत माझ्याशी बोलणारं कोणी नसायचं. गावात मान होता हो! रस्त्यानं निघाले की बाया उठून उभ्या राहायच्या. पण मान देणारं माणूस शेजारी बसत नाही. मी पहिल्याच महिन्यात बदलीचा अर्ज लिहून ठेवला. दारव्ह्याला आई होती, भाऊ होता, बोलणारी माणसं होती. मला फक्त तिथे जायचं होतं. बाकी काही नको.

*

पहिला धक्का हजेरीचा. मी नाव घेतलं, "नामदेव!"

नामदेवची जागा रिकामी. पण अख्खा वर्ग ओरडला, "येऊन राह्यला जी!" म्हणजे येतोय, वाटेवर आहे.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी म्हटलं, "अरे, तीन दिवस येऊनच राह्यला? कुठून?"

"केळापूरहून जी! मामाच्या घरी गेलता पोळ्याले."

"मग निघाला कधी तिथून?"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. एक जण म्हणाला, "निंगाला असन!"

मी कॅटलॉगवर गैरहजरीची खूण करायला टाक उचलला, तशी पहिलीतली एक चिमुरडी पुढे आली. सुजाता, म्हणजे हे नाव तिला पुढे मिळालं. म्हणाली, "बाई, मान्साले नाई म्हनू नाई. माय म्हन्ते. येऊन राह्यला म्हना, मंग येते तो."

नामदेव अकराव्या दिवशी आला. मी रागानं विचारलं, "काय रे, इतके दिवस कुठे होतास?" तर साऱ्या वर्गाकडे हात करून म्हणतो कसा, "यायनं सांगतलं नाई का? येऊन राह्यलो होतो ना!"

*

तेव्हा शाळेत सूतकताईचा तास असायचा. प्रत्येकाला टकळी. आणि पेळू, म्हणजे कातायला पिंजून वळलेल्या कापसाच्या वाती, तालुक्याहून पार्सलनं यायच्या. खिडकीच्या बाहेर हात काढला तर बोंड हाताला लागेल असं शेत, आणि आमचा कापूस एसटीनं यायचा!

पहिलं पार्सल मी मोठ्या थाटात उघडलं. आत निळ्या कागदात गुंडाळलेला पांढराशुभ्र कापूस. सगळी पोरं वाकून बघत होती. नामदेवनं बोटानं दाबून पाहिलं, निळ्या कागदाकडे पाहिलं, आणि काळजीनं विचारलं, "बाई, हा कापूस बिमार होता का? दवाखान्यातून आनला?"

पोरं हसली, मीही हसले. पण संध्याकाळी खोलीत भाकरी थापताना पुन्हा आठवलं आणि जोरात हसू आलं. एकटीनं हसलं की आवाज फार मोठा वाटतो. मी दचकून गप्प झाले.

*

शाळेच्या भिंतीला लागून सोमाजीचं शेत. सोमाजी साठीचा, शाळेची पायरी कधी न चढलेला. दुपारी पोरं सुरात पाढे म्हणायची आणि तो तिकडे बैलांमागे डवरा धरून तण काढायचा.

एकदा पोरांनी गाडी घसरवली. "सात आठे चोपन्न!" मी फळ्यावर काहीतरी लिहीत होते, लक्ष नव्हतं. तोच खिडकीबाहेरून आवाज आला, "छप्पन्न, पोट्टेहो, छप्पन्न! दोन कोठी हरपले?"

मी बाहेर जाऊन विचारलं, "सोमाजी, तुम्हाला पाढे येतात?"

"येत नाई जी. पंधरा साल झाले, आयकून राह्यलो. बैलायलेबी आले असन आता."

या सोमाजीचं आणखी एक. रविवारी मला वेळ खायला उठायचा. कपडे धुऊन व्हायचे, खोली सारवून व्हायची, आणि घड्याळात दहाच वाजलेले असायचे. असाच एका रविवारी तो भिंतीपाशी येऊन उभा राहिला. "बाई, आज शाळा मुकी काहून?"

म्हटलं, "रविवार आहे ना!"

"हौ. पन तुम्ही त हाये ना. एकटीनं म्हना. बेचा म्हना, सोपा हाये."

आणि काय सांगू तुम्हाला, मी म्हटला! रिकाम्या वर्गात उभं राहून, खिडकीकडे तोंड करून, बे एके बे पासून बे दाहे वीसपर्यंत. पलीकडून सोमाजी म्हणाला, "बरोबर हाये," आणि कामाला लागला. त्या रविवारी माझ्याशी झालेलं बोलणं तेवढंच.

*

दुसऱ्या वर्षी चौथीला पत्रलेखन घेतलं. फळ्यावर मायना लिहून दिला आणि सांगितलं, "आपल्या ओळखीच्या कोणत्याही माणसाला पत्र लिहा. काका, मामा, आत्या, कोणीही."

चौथीत सात पोरं. सात पत्रं आली. सातही मला!

मी चिडले. "अरे, मामाला लिहा म्हटलं होतं ना?"

नामदेव आता चौथीत होता. तो म्हणाला, "मामाले वाचता कोठी येते जी? आमच्या वळखीत वाचता येनारं तुमच्याशिवाय हाये कोन?"

मी पत्रं तपासायला घेतली. नामदेवनं लिहिलं होतं: "तीर्थरूप बाईंस साष्टांग नमस्कार. पत्र लिहिण्यास कारण की, मी तुमच्यासमोरच बसलो आहे. इकडील सर्व खुशाल. तिकडील खुशाली कळवावी."

दोन वर्षांत मला तिकडील खुशाली कोणी विचारली नव्हती. आईला लिहिता येत नव्हतं आणि भावाला वेळ नव्हता. मी सातही जणांना उत्तरं लिहिली. नामदेवला लिहिलं, "इकडेही बरे आहे." खरं तर ते खोटं होतं, पण मायन्यात तसंच असतं.

*

शाळा तपासायला डिप्टीसाहेब यायचे, सायकलवर. त्यांच्याच हातात बदलीचा अर्ज द्यायचा म्हणून मी सकाळपासून तो कॅटलॉगमध्ये घडी करून ठेवला होता.

साहेबांनी स्वतः हजेरी घेतली. त्या दिवशी चार पोरं कापूस वेचणीला गेलेली. पहिलं नाव आलं, वर्ग ओरडला, "येऊन राह्यला जी!" दुसरं, "येऊन राह्यली जी!" साहेब सज्जन माणूस, नागपूरकडचा. म्हणाले, "येऊ द्या, आपण थांबू."

आणि थांबले की हो! मी चहा केला. त्यांनी कविता ऐकल्या, टकळ्या पाहिल्या, पाढे ऐकले. दर दहा मिनिटांनी विचारायचे, "कुठवर आली असतील?" पोरं बिनदिक्कत सांगायची, "नाल्यापाशी!" असा दीड तास गेला. शेवटी साहेबांनी घड्याळ पाहिलं, शेरेबुक उघडलं आणि लिहिलं: "पटावरील सर्व मुले हजर अथवा वाटेवर."

मी कॅटलॉगमधून अर्ज काढून दिला. त्यांनी वाचला, माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "बाई, पोरांचा तुमच्यावर जीव आहे."

मी म्हटलं, "साहेब, पोरं पाचला घरी जातात."

त्यांनी अर्ज खिशात ठेवला. आणि सायकल काढली.

*

आता त्या सुजाताचं. ती शाळेत आली तेव्हा तिचं नाव होतं कचरी. आधीची दोन लेकरं गेली, हिला दृष्ट लागू नये म्हणून आजीनं ठेवलेलं. त्यांच्या घरानं बौद्ध धर्म घेतला, आणि दिवाळीच्या सुमारास तिचा बाप धुतलेला सदरा घालून शाळेत आला. "बाई, पोरीचं नाव बदलाचं हाये. कचरी काटा, सुजाता लिवा."

मी म्हटलं, "वरून मंजुरी यावी लागते. तोवर पेन्सिलीनं लिहून ठेवते."

"पेन्सिलीनं लिवा, पन आजपासून हाका त्याच मारा." आणि दारात उभं राहून, मी एकदा हाक मारेपर्यंत तो हलला नाही. पोरगी "हजर!" म्हणाली तेव्हाच गेला. पुढे मंजुरी आली आणि मी ते नाव शाईनं लिहिलं.

तर ही सुजाता तिसरीत गेल्यावर एके दिवशी हजेरी संपता संपता उठून उभी राहिली. "बाई, माह्यं नाव दोनदा लिवलं. तुमचं एकदाबी नाई. काहून?"

"मी बाई आहे ना!"

"हौ, पन तुमचं नाव काय?"

बाईला नाव असतं हे अख्ख्या वर्गाच्या ध्यानीमनी नव्हतं. आणि माझंही तसंच झालं होतं बघा. अडीच वर्षांत त्या गावात मला कोणी नावानं हाक मारली नव्हती. मी सांगितलं, "कुसुम गोविंद ठोंबरे."

सुजातानं कॅटलॉग ओढला, सगळ्यात खाली पेन्सिलीनं माझं नाव लिहिलं आणि म्हणाली, "मंजुरी येईपर्यंत." मग खणखणीत आवाजात, "कुसुम गोविंद ठोंबरे!"

मी म्हटलं, "हजर!"

त्या दिवसापासून रोज. एकतीस नावं मी घ्यायची, बत्तिसावं सुजातानं. तुम्हाला हसू येईल, पण मी सकाळी उठल्यापासून त्या एका हाकेची वाट बघायची.

*

अशी दोन महिने हजेरी चालली, आणि बदलीची ऑर्डर आली. दारव्हा! मला अडीच वर्षं हवं होतं तेच.

पोरं फाट्यापर्यंत पोचवायला आली. तीन मैल. ट्रंक नामदेवच्या डोक्यावर, तो शाळा सोडून शेतात जायला लागला होता, तरी आला. सोमाजी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभा होता, हात वर करून म्हणाला, "बाई, पाढे कोन म्हनन आता?" एसटी आली. मी आपली रीतीप्रमाणे "येते रे" म्हणाले आणि चढले.

दारव्ह्याच्या शाळेत नऊ शिक्षक, स्टाफरूम, दोन वेळ चहा. पहिल्याच आठवड्यात मी बिमार कापसाचा किस्सा सांगितला. एक जण म्हणाले, "हो का?" आणि पेपर वाचायला लागले. तिथे मी ठोंबरेबाई झाले. घरी आई थकलेली, भाऊ त्याच्या व्यापात. माणसं होती, बोलायचीही. पण मी तिथेही एकटीच पडले, आणि हे कोणाला सांगायचीही सोय नव्हती, कारण अर्ज माझाच होता!

पुढच्या हिवाळ्यात यवतमाळला शिक्षकांचं शिबिर होतं. जेवणाच्या पंगतीत शेजारी एक तरुण गुरुजी येऊन बसले. नाव ऐकलं आणि घास हातातच ठेवून म्हणाले, "कुसुम गोविंद ठोंबरे? म्हणजे तुम्हीच!"

माझ्या जागी आलेले ते.

"बाई, तुम्ही माझी मोठी पंचाईत करून ठेवली. कॅटलॉग बदलला, तर नव्या कॅटलॉगातही ती चौथीतली सुजाता पेन्सिलीनं तुमचं नाव लिहिते. मी खोडतो, ती लिहिते. हजेरी झाली की उठते आणि नाव घेते. रोज! मी रागावून पाहिलं, समजावून पाहिलं. म्हटलं, बाई दारव्ह्याला गेल्या, वर्ष होत आलं. गैरहजर म्हणा आणि खाली बसा."

मी विचारलं, "मग?"

"मग काय! अख्खी शाळा ओरडते, ते पहिलीतले पोट्टेसुद्धा, ज्यांनी तुम्हाला पाहिलंही नाही, 'येऊन राह्यली जी!' आणि खिडकीच्या बाहेरून एक म्हातारा म्हणतो, 'निंगाली असन!'"