स्वयंपाकघराचं माप

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. येडशीला, स्टेशनच्या मागच्या गल्लीत, राहत्या घरातच माझं पार्लर आहे. अंगात येणाऱ्या बायकासुद्धा माझ्याकडंच आयब्रो करायला येतात. त्यांचं सगळं ऐकायचं आणि त्या गेल्या की पोटभर हसायचं, हा माझा स्वभाव...

हे गेल्या उन्हाळ्यातलं. माझा आणि संजयचा — आता नाव घ्यायला काय हरकत! — घटस्फोट चालू होता. घर दोघांच्या नावावर. कोर्टात ठरलं, की घराची किंमत काढायची आणि निम्मी रक्कम मी त्याला द्यायची. नाही जमलं तर घर विकायचं. घर गेलं की पार्लर गेलं, आणि लेकीला घेऊन मी भावाच्या दारात. त्यामुळं किंमत कमी निघावी म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते.

भर दुपारी धाराशिवहून व्हॅल्युअर आले. त्यांच्याकडं लेझरचं यंत्र होतं. ते एका भिंतीला टेकवायचं, समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडतो आणि स्क्रीनवर माप येतं. हॉल झाला, बेडरूम झाली. स्वयंपाकघरात मात्र दहा फुटांची खोली सात फूट दिसायला लागली.

"ताई, मधून जरा सरका की," ते मान वर न करताच म्हणाले.

मी तर दारात होते. संजय माझ्यामागं.

"तूच कायतरी केलं असशील," तो म्हणाला. "किंमत पाडायला."

"व्हय, भिंती ढकलत बसले होते मी!"

बोलले खरी, आणि मग समोर नीट बघितलं. लाल ठिपका भिंतीवर नव्हताच... तो अलीकडं होता. हवेत, छातीएवढ्या उंचीवर. आणि हळूहळू पुढंमागं होत होता — कुणीतरी श्वास घेत असल्यासारखा.

व्हॅल्युअरनी टेप लावून बघितली. दहा फूट. पुन्हा यंत्र लावलं — सात.

"ही आग्नेय बाजू ना?" त्यांनी कपाळ पुसलं. "वास्तू इथंच पुरलीय का?"

इथंच होती. वास्तुशांतीच्या दिवशी ती मूर्ती आम्ही दोघांनी मिळून फरशीखाली ठेवली होती.

"निवद दाखवता का न्हाय?"

आधी दर अमावस्येला दाखवायचो. भांडणं सुरू झाल्यापासून कुणाला शुद्ध होती?

तेवढ्यात संजय माझ्या बाजूनं पुढं गेला. ठिपक्यापाशी थांबला आणि मान वर केली, समोरच्या माणसाच्या तोंडाकडं बघतात तशी. घरातून निघताना आपण "येतो" म्हणतो. कितीही भांडलो तरी तोही तेच म्हणायचा. त्या दिवशी तो हळू आवाजात म्हणाला, "जातो मी." आणि चपला हातात घेऊन बाहेर पडला.

ठिपका भिंतीवर गेला. यंत्रावर दहा आले.

पुढच्या तारखेला त्यानं हक्कसोड लिहून दिली. गॅसच्या शेगडीवरून वकिलासमोर भांडलेला माणूस, त्यानं एक रुपयासुद्धा मागितला नाही! सगळे म्हणतात, सुटलीस बाई. घर माझं झालं, आणि मी स्वयंपाक हॉलमध्ये करते. निवद आता चुकवत नाही, तरी त्या बाजूला पाठ करून उभं राहायची मला भीती वाटते.

यंत्र बिघडलं असेल, असं मी स्वतःला सांगून बघितलं. पटत नाही. तिथं कोण होतं, ते फक्त संजयला ठाऊक आहे. कितीदा तरी फोन हातात घेतला... पण आता कुठल्या नात्यानं विचारू?