साड्यांखालून चालणारा दादा

दुपारचा खेळ सुटला. गिरणगावातल्या जुन्या टोळीवरचा सिनेमा होता, त्यामुळे थिएटरच्या पायऱ्यांवरच गप्पा रंगल्या. दिग्दर्शकाने तो काळ हुबेहूब उभा केलाय, असं बहुतेकांचं मत पडलं. चाळीत वाळत घातलेल्या रंगीत साड्यांखालून दादा चालत येतो, तो प्रसंग मलाही फार आवडला होता.

सोबत आलेली माझी मावशी लग्नाआधी त्या खऱ्या दादाच्याच भागात, अशाच चाळीत राहायची. तिला विचारलं, तर म्हणाली, "साड्या कुठल्या? तो येतोय कळलं की ओल्याच आत ओढायचो आणि दारं लावून घ्यायचो. उगाच कोणाच्या नजरेला काही पडायला नको."

"आणि नटाचं काम? त्याची चाल जमलीय का?"

"ते मला काय कळणार? आम्ही त्याला कधी बघितलंच नाही."

जे दिसू नये म्हणून अख्खी चाळ दारं लावून बसायची, ते बघायला आज आम्ही रांग लावली होती. भीती जुनी झाली की तिचा देखावा होत असावा.

तेवढ्यात एकाने पायऱ्या उतरताना दादाची चाल करून दाखवली. सावकाश, टाचा वाजवत. सगळे हसले. मावशीने तिकडे पाहिलं नाही. मान खाली घालून ती ऐकत राहिली.

"हो," ती हळूच म्हणाली, "दाराआडून असंच ऐकू यायचं."